पुस्तकात नसलेलं ब्लीच

ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. सॉसेजच्या कारखान्याचा एक मालक तक्रार घेऊन ठाण्यात आला. एका नव्या कादंबरीत त्याची बदनामी झाली होती म्हणे, आणि लिहिणारी बाई चोरून कारखान्यात शिरली असणार, असा त्याचा संशय होता. कादंबरीत कारखान्याचं नाव नव्हतं, शहरही भलतंच होतं. तरी स्वारीने सगळं अंगाला लावून घेतलं होतं!

लेखिकेने टोपणनाव घेतलं होतं. प्रकाशकाकडून पत्ता मिळवून गेलो, तर दार एका मराठी बाईंनी उघडलं. ओळखपत्रावरचं माझं मराठी नाव वाचून त्या मराठीतच बोलल्या.

"अहो, अरेस्ट करायला आलात का?"

"नाही, वहिनी. खरं काय ते सांगा."

त्यांनी त्या कारखान्यात काही वर्षं पॅकिंगला काम केलं होतं, यजमान तर अजूनही तिथेच होते. उंदीर, सडका वास, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम लिहिली नव्हती. खाण्यालायक नसलेल्या मांसावर निळा रंग टाकतात, म्हणजे ते माणसांच्या पोटात जाऊ नये. या कारखान्यात मात्र मागच्या खोलीत तो रंग ब्लीचने धुऊन तेच मांस सॉसेजमध्ये घालत.

"त्या रूममध्ये फक्त हे आणि अजून दोघं असतात," त्या म्हणाल्या. "ब्लीचचा एक वर्ड जरी निघाला तरी मालकाला कळेल. यांना लगेच सॅक करतील. प्लीज, माझं स्टेटमेंट नको."

स्टेटमेंटशिवाय झडतीचं वॉरंट कसं मिळणार? नुसत्या कादंबरीवर कुठला मॅजिस्ट्रेट सही करतो? आणि ती सॉसेजं रोज शाळांच्या किचनमध्ये जात होती. मला झोप लागेना.

शेवटी मालकाला जबाबासाठी बोलावलं. टेप सुरू केला. तो एक शब्द माझ्या तोंडून निसटला की एका माणसाची नोकरी गेलीच. मी उंदरांचं विचारलं, वासाचं विचारलं आणि गप्प बसलो. त्याला माझं गप्प बसणं सोसवेना.

"सगळं खोटं आहे," तो उसळला. "आमच्याकडे ब्लीच फक्त फरशीला वापरतात. मांसाला कधीच नाही!"

मी कादंबरी त्याच्यापुढे ठेवली. "ब्लीचचं यात कुठे लिहिलंय, दाखवा."

तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

त्या जबाबावर वॉरंट मिळालं. कौन्सिलच्या आरोग्य निरीक्षकांना घेऊन आम्ही आत शिरलो. मागच्या खोलीत ब्लीचमध्ये बुडवलेल्या मांसाने पिंपं भरलेली होती. वहिनींच्या यजमानांनाही मी इतरांसारखंच नाव विचारलं. त्यांनी ते स्पेलिंगसकट सांगितलं. मला फार वाईट वाटलं, पण ओळख दाखवणं शक्य नव्हतं.

कारखाना बंद पडला. समोरच्याला बोलतं करायचं मला खात्याने शिकवलं होतं. आपण कुठला शब्द उच्चारायचा नाही, हे मात्र मी त्या बाईंच्या भीतीकडून शिकलो. आठवड्याभराने त्यांचा फोन आला.

"यांचा जॉब गेलाच हो," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांबरोबर गेला. एकट्याचा नाही गेला."