तीन सेकंदांचा हेलकावा

सकाळचे नऊ वाजले नाहीत तोच बडोद्याच्या मांजलपुरात झळा सुरू झाल्या होत्या. तरी दत्तात्रेयने वर्कशॉपचा पंखा बंद केला आणि ध्रुवावर जायचा भूकंपमापक सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवला. चाचणीला पंख्याची थरथरसुद्धा चालत नाही. तीस वर्षं तेलाच्या शोधात जमिनीचे हादरे मोजलेला माणूस. आता घराच्या तळमजल्यावर एका संस्थेची यंत्रं जोडून, तपासून द्यायचा. समुद्राच्या लाटांची बारीक कंपनं बर्फातून सतत जात असतात. त्यांची चाल बदलली, की बर्फ किती वितळला ते कळतं.

स्क्रीनवर पुन्हा तेच. दर तीन सेकंदांनी एक हेलकावा. गेल्या साली हाच दिसला तेव्हा त्याने अहवालात ठोकून दिलं होतं, ‘नयनाच्या जोडणीत खोट.’ यंत्रातच तेवढी कंपनं गाळायची सोय केली, आणि हाताखाली जोडणी शिकणाऱ्या त्या पोरीला पॅकिंगला बसवलं.

वर बेल वाजली. बायको, निरुपमा, दार उघडायला उठल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळात रेघ सपाट झाली.

तो जिना चढून गेला. छताच्या कड्यांना टांगलेला झोपाळा, त्यावर अर्धी निवडलेली गवार.

“रोज याच वेळी बसतेस इथे?”

“या घरात आल्यापासून. आजच दिसले का हो मी तुम्हाला?”

त्याने झोपाळ्याला झोका देऊन घड्याळात पाहिलं. तीन सेकंद.

संस्थेतल्या अवनीला त्याने तिथूनच फोन लावून झोपाळ्याचं सांगितलं. “म्हणूनच, काका,” ती म्हणाली. “ध्रुवावरच्या वर्षभराच्या नोंदीत लाटाच सापडेनात. त्यांचा हेलकावाही तेवढाच.”

“परत मिळतील?”

“यंत्रानंच गाळल्या. ते वर्ष गेलं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. “अहवालातून नयनाचं नाव काढ,” तो म्हणाला. “माझं घाल. लेखी पाठवतो.”

खाली नयना खोक्यासाठी फोम कापत होती.

“खोट तुझी नव्हती. वरचा झोपाळा होता.”

तिचा हात थांबला. “मी म्हटलं होतं ने काका, वर काहीतरी हलतंय. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस.”

“म्हणालो होतो.”

“मी घरी सांगितलं, माझा हात गेलाय. रांगोळीपण काढायची सोडली.”

 

“उद्यापासून जोडणीला बस.”

“आज का नको?”

 त्याने जोडणीची खुर्ची फडक्याने पुसली, तिच्यापुढे सरकवली.

वरून निरुपमाची हाक आली, “अहो, मी झोपाळ्यावर बसू की नको?”

“बस, चाचणी रात्री घेऊ,” तो म्हणाला, आणि नयनाच्या स्टुलावर बसून उरलेला फोम कापायला लागला.