माझ्या चौकातला 'बा'

लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेवढ्या बळावर हे धाडस करतो आहे. चूकभूल माफ असावी.

बाबांना बंगळूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही अकोल्याहून इथे आलो, त्याला दोनच महिने झाले होते. शाळांच्या क्रीडास्पर्धांना स्वयंसेवक हवे होते. मला एक बिल्ला, एक लाल झेंडा आणि एक अख्खा चौक मिळाला. मुलींची शर्यत तिथूनच जाणार होती. पहिल्या तिघी म्हैसूरच्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि माझी धाकटी बहीण कुसुम धावत होती.

मुलींच्या आधी नारळांची बैलगाडी आली. मी झेंडा आडवा धरला.

"थांब बा, थांब बा!" (आम्हा वऱ्हाडी माणसांचं 'बा'शिवाय वाक्यच संपत नाही.)

"बंदे, स्वामी, बंदे," गाडीवान नम्रपणे म्हणाला.

रस्ता बंद आहे हे त्याला पटलं, म्हणून मी खूश झालो. तो सरळ चौकाच्या मध्यात आला. मी आणखी जोरात ओरडलो, तेव्हा त्याच्यामागून एक टांगा आला, मग सायकली, मग बस. आयुष्यात माझ्या शब्दावर इतकी माणसं कधी धावून आली नव्हती.

तेवढ्यात कुसुम दिसली. अनवाणी, सगळ्यांच्या पुढे, वेणी वाऱ्यावर. ही आपल्याच घरातली, यावर विश्वास बसेना. पण ती शिरणार होती नेमकी बस आणि बैलांच्या मधल्या फटीत.

"कुसुम, थांब बा!"

ती जागच्या जागी थांबली. मागच्या तिघी मात्र फटीतून निघून गेल्या.

कुसुमनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शाळेत शिकलेल्या कन्नडात ती गाडीवानाला म्हणाली, "निल्ली!"

एका शब्दात बैल, बस, सायकली, सगळं थांबलं. मग ती धावली आणि चौथी आली.

"अय्यो, कन्नडात बा म्हणजे ये," संध्याकाळी शेजारच्या बेळगावच्या अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "आणि बंदे म्हणजे आलो. तो बिचारा तुझं ऐकतच होता की रे!"

कुसुम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला: पहिल्या तिघींतल्या एकीला गालगुंड झालं आहे, कुसुमनं म्हैसूरला जावं.

"दादा, स्टेशनवर ये," ती म्हणाली, "पण तोंड उघडू नकोस. तू थांब म्हणालास तर मी खाली उतरेन."

मी गेलो. गाडी सुटली तेव्हा नुसता हात हलवला. दोन हमाल धावत आले.