पप्पांनी टीव्हीवर चिकटवलेली पट्टी

जर्मनीला निघाले त्या सकाळी गाडी श्रीरामपूरच्या आमच्या दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि मी टीव्हीवरची पुठ्ठ्याची पट्टी काढायला पुन्हा घरात शिरले. पप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. तू परत आलीस की काढू." मी बरं म्हटलं. आई रडत होती आणि मला काहीच वाटत नव्हतं. प्रवासाच्या धास्तीनं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पट्टीची गोष्ट अशी. मी नर्स. जर्मनीत नोकरी हवी तर भाषेची परीक्षा पास व्हायला हवी, आणि क्लासच्या मॅडमचं म्हणणं, सिनेमे मूळ भाषेत बघा, खाली येणारं भाषांतर वाचू नका. पण पेनड्राइव्हवर मिळालेल्या सिनेमांत इंग्रजी अक्षरं कायमचीच होती, बंद होत नव्हती. डोळे तिकडेच जायचे. साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या पप्पांनी एका रविवारी चर्चहून आल्यावर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापला आणि टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवून टाकला. त्यांना इंग्रजी छान वाचता यायचं. म्हणजे त्या दिवसापासून त्यांनाही सिनेमा कळेनासा झाला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तरी दोघं रोज माझ्याबरोबर बसायचे. "ह्यो तिचा दीर दिसतोय," पप्पा म्हणायचे. "दीर कुठला, नवरा हाय. बघा की कसा वसकतोय," आई म्हणायची. मी पास झाले.

इथं येऊन सहा वर्षं झाली. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची बोली सिनेमातल्यासारखी मुळीच नव्हती. पहिले काही महिने मी नुसती मान हलवत होते. मग कळू लागलं. ड्यूटी संपताना पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सांगायची, तिला इथं युबरगाबे म्हणतात. ती मी आता झोपेतही देईन.

दोनदा सुट्टीवर घरी गेले. पट्टी तिथंच. "सुट्टीचं न्हाई, कायमची आलीस की काढू," पप्पा म्हणाले. आईची तक्रार वेगळीच. "तुझे पप्पा लई मॅच बघतात, पन स्कोर पट्टीखाली. मग शेजारी इचारायला जातात, किती झाले म्हनून."

माझ्यासारख्या ज्या इकडं आल्यात त्यांना पुढचं ठाऊक आहे. यंदा मी नागरिकत्वाचा अर्ज भरला. मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करायचा. रविवारी व्हिडिओ कॉलवर घरी सांगितलं. पप्पा "बरं केलंस बाळा," म्हणाले आणि उठले. आईनं फोन तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यातून मला टीव्ही दिसत होता. पप्पांनी चिकटपट्टीखाली नख घातलं. गोंद जुना, पट्टी दोन तुकड्यांत निघाली.

"चला, आता स्कोर दिसंल," आई म्हणाली. कुणी हसलं नाही.

"किती झाले?" मी विचारलं.

"एकशे बारा. चार गेले," पप्पा म्हणाले.

फोन ठेवून मी भांडी घासली. आत काहीच हललं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

परवा एक मराठी सिनेमा लावला. खाली जर्मन अक्षरं येत होती. पडद्यावरची आई मुलीला जेवायला बोलावत होती आणि मी ते आधी वाचलं, मग ऐकलं. अक्षरं बंद करायचं बटण रिमोटवर होतं. तरी मी उठले, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. वाचावं न लागता जे कळतं ते घर, माझ्यापाशी आता एवढंच उरलंय.

"ये गं, जेवून घे," ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा मला रडू आलं.