बाबांनी जमिनीवर ठेवलेलं पुस्तक

बाबा मंगळवारी गेले. बुधवारी मी अमरावतीहून अकोल्याला आले ती आईजवळच राहिले.

तेराव्यानंतर बाबांच्या वह्या मी कपाटावर रचल्या. इतिहासाचे शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर केलेली ती टिपणं. आईने वर हार घातला. मग तीन महिने ती घराबाहेर पडली नाही.

एके दिवशी बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने शहरात एस्केप रूम, म्हणजे कोडी सोडवून बंद खोलीतून सुटायचा खेळ, सुरू केली होती. खोलीत देखावा बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगत छापखान्याचा. पोलीस यायच्या आत, तासाभरात, कुलूप उघडून बाहेर पडायचं. "सगळी कोडी सरांची आहेत, ताई. त्यांचं पाहायचं राहून गेलं."

बाबांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी शेवटचं काय विचारून ठेवलं आहे, ते कोणी न सांगता मला सापडायला हवं होतं. आईला येतेस का विचारलं, तर ती लुगडं बदलून तयार.

तिथे पोचल्यावर पिशवी, फोन, सगळं बाहेर कपाटात ठेवायला लावलं; आईचा वाचायचा चष्मा पिशवीतच राहिला. आत कंदील, चरखा, लाकडी पेट्या. आईने कंदील हुंगला. "याच्यात रॉकेल कधी पडलंच नाही." मग भिंतीवरचे पिवळे कागद पाहून थबकली. अक्षर बाबांचं होतं. कागद चहात बुडवून जुने केलेले.

"म्हणूनच चायपत्तीचा डबा रिकामा सापडला मले! तू सुटीत आली होती तवा मी तुलेच बोलली होती."

दाराशी, अगदी पायात येईल असं, एक जाड पुस्तक पडलं होतं. आईने ते उचललं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. आम्ही कामाला लागलो.

पेट्या उघडत गेल्या. सुताच्या गुंड्या मोजायच्या होत्या, त्या आईने माझ्याआधी मोजल्या. पत्रकांतल्या गावांचा क्रम लावताना तेल्हारा आलं, तेव्हा "माह्या माहेराले नाही विसरले," एवढंच ती म्हणाली. दाराच्या कुलपाचे चार आकडे मात्र मिळेनात. चरखा उलटा केला, सतरंजी झटकली. दहा मिनिटं उरली.

वरच्या भोंग्यातून त्या विद्यार्थ्याचा आवाज आला, "काकू, मदत करू का?"

"काहून? आमी पाहून राहिलो ना!"

मी खाली बसले. बाबांनी कोडी रचताना काय विचार केला असेल, ते मनात जुळवत होते. लहानपणी पुस्तकाला पाय लागला तर ते जेवण थांबवून मला नमस्कार करायला लावत. तो माणूस पुस्तक जमिनीवर ठेवील?

फळीवरून ते काढलं. आत पानं कोरून केलेल्या खळग्यात चिठ्ठी होती. आईने ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. चष्मा बाहेर. शेवटी माझ्याकडे दिली. "वाच. हळू वाच."

"उचललंत, बरं केलंत. आता उघडा." खाली चार आकडे.

दार उघडलं. बाहेर तो विद्यार्थी हसत उभा होता. "सगळे हेच करतात, काकू. मी सरांना म्हटलं होतं, पुस्तक टेबलावर ठेवू. ते म्हणाले, जमिनीवरच ठेव. आपली माणसं ते उचलतील, पाया पडतील, उंचावर ठेवतील आणि उघडायचं विसरतील."

"आन् मले सांगलं नाही," आई म्हणाली. तिने चष्मा लावला, चिठ्ठी मागून घेतली आणि तिथेच उभ्याने दोनदा वाचली.

घरी आल्यावर तिने हात धुतले आणि कपाटाकडे पाहिलं. "त्या वह्या खाली काढ."

हार मी तुळशीत ठेवला. आता अकरा वह्या टेबलावर आहेत. चार वाचून झाल्या.