मेश्राम काकांचा भाठा

ज्या दोन शब्दांनी मेश्राम काकांचं निम्मं गवत गेलं, ते माझ्या हातचे आहेत. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि काकांना तर नाहीच. आता काका नाहीत, तेव्हा सांगणं सोपं झालं असेल असं कोणाला वाटेल. तसं काही झालेलं नाही.

देवराव मेश्राम रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रुळांच्या कडेनं चालण्यात आणि खडीतून वर आलेलं गवत उपटण्यात गेली. निवृत्त झाल्यावर रायपुरातल्या गुढियारीच्या घरात त्यांचं मन रमेना. नवा रायपूरच्या कडेला मूळचं गवत राखण्यासाठी तारेचं कुंपण घातलेला एक माळ आहे. अशा उंच, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीला इकडे भाठा म्हणतात. रविवारी तिथे येणाऱ्या लोकांना हिंडवून आणायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "तीस वर्सं गवत उपटून पगार खाल्ला," ते म्हणत, "आता फुकटात राखून राहिलो. फिट्टमफाट!"

मी सरकारी कचेरीत नकाशे काढतो. त्या माळाची हद्द तपासायला एका उन्हाळ्यात गेलो होतो. टेप धरून चालत असताना मागून आवाज आला, "थांब बे पोट्ट्या! पाय टेकवू नको!" माझी चाळिशी उलटलेली. एक पाय हवेत ठेवून मी तसाच उभा राहिलो. पांढऱ्या मिशांचा, काटक म्हातारा लगबगीनं आला, उकिडवा बसला आणि त्यानं बोट दाखवलं. माझ्या बुटाखाली, मुरमाच्याच रंगाची चार अंडी होती.

"टिटवीची हायेत. साहेब असशील तुह्या हापिसात. इथं पाहून पाय टाकाचा."

पुढे कळलं, की रागावताना ते कोणालाही मराठीतच रागावत. समोरचा मराठी आहे की छत्तीसगढी, ते मग पाहत. मी मराठीत माफी मागितली तेव्हा त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, हा तं आपलाच निघाला!"

त्यानंतर चौबे कॉलनीतल्या घरून स्कूटरवर मी दर रविवारी जाऊ लागलो. शहरातून येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न ठरलेला असे. "भैया, यहाँ देखने का क्या है? एक पेड़ तक नहीं।" काका म्हणत, "बैठो पहले।" मग कोणी जरीच्या साडीत असो की इस्त्रीच्या पँटमध्ये, सगळ्यांना ते खाली बसायला लावत आणि पाच मिनिटं बोलू देत नसत. बसलं की गवत डोळ्यांच्या उंचीला येतं. काडीवर चढणारा नाकतोडा दिसतो, पवन्या गवताचा तुरा दिसतो, कुठेतरी वर चंडोल गात असतो तो ऐकू येतो. "उभ्या माणसाले गवत दिसत नाही," काका मला म्हणाले होते, "त्याले नुसती मोकळी जागा दिसते."

कुसळीचं बी ते माझ्या तळहातावर ठेवत आणि वर पाण्याचा थेंब सोडत. बियाची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरू लागे. जमिनीत ते असंच स्वतःला रुजवतं. "पाहून राहिला ना? याले कोणत्या शाळेत शिकवलं?" दर वेळी त्यांना तेवढाच आनंद होई. माळावर ते एकाच वाटेनं दोनदा जात नसत, पायवाट पडू नये म्हणून. "रुळाच्या बाजूनं एकाच वाटेनं चालून जिंदगी गेली, आता नाही." मी फारसा बोलत नाही, याचंही त्यांना कौतुक होतं. "बरं हाय. पाखरं उडत नाहीत."

पुढच्या मे महिन्यात एका वृक्षारोपणासाठी जागा हवी होती. माळाचा पश्चिमेकडचा निम्मा भाग सुचवला गेला आणि कागद माझ्या टेबलावर आला. त्यात एक रकाना होता, जमिनीची सध्याची स्थिती. साहेबांनी मला आत बोलावलं, चहा मागवला. "अरे, मई में वहाँ है ही क्या? लिख दो।" कोणी धमकावलं नाही. बदलीचा विषयही निघाला नाही. मी वाद घालत नाही अशी कचेरीत माझी ख्याती होती आणि मला ती आवडत असे. मी लिहिलं, ‘रिक्त भूमि’. खाली सही केली. आदल्याच रविवारी मी त्या जागेवर मांडी घालून बसलो होतो, आणि तिथल्या नऊ गवतांची नावं मला तोंडपाठ होती.

पावसाळ्यात खड्डे खणले गेले. टोप्या घातलेली शाळेची मुलं रोपं घेऊन आली. मला वाटलं, काका आता कुंपणापाशी उभे राहून भांडतील. ते मुलांना पाणी देत फिरत होते. "पोट्ट्याइचा काय दोष? त्याइले वाट्टे, झाड लावलं का भलं झालं." मग माझ्याजवळ आले. "पण इथं काहीच नाही म्हणून कोणं लिहिलं असन रे? तू हापिसात हायेस, पाहून सांग मले. मले भांडाचं नाही. त्या माणसाले एकदा इथं बसवाचं हाय फक्त."

"फाइल सापडत नाही, काका," मी म्हणालो.

"काहून नाही सापडत? सापडन. तू हायेस ना."

काही आठवड्यांनी ते स्वतःच कचेरीत आले. नवा रायपुरात बस मोजक्याच, आणि उतरल्यावर तो रुंद रस्ता उन्हात चालायचा. व्हरांड्यातल्या बाकावर ते बसलेले मला काचेतून दिसले. मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला गवताचा भारा होता. मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत गाड्या लावतात तिथे उभा राहिलो. परत आलो तेव्हा भारा माझ्या टेबलावर होता. प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर नाव, थरथरत्या अक्षरात. शिपाई म्हणाला, "बाबा बोल के गए, साहब को दे देना, अपना आदमी है।"

त्या हिवाळ्यात काका गेले. गुढियारीतल्या घरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींसमोर वंदना चालू होती. पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांमध्ये मी शेवटच्या ओळीत बसलो आणि लवकर उठलो.

लावलेली बरीचशी रोपं मुरमात वाळून गेली. त्यांच्याभोवतीच्या लोखंडी जाळ्या तेवढ्या उभ्या आहेत. खड्डे बुजवा, जाळ्या काढा, गवत आपलं आपण परत येईल, असा अर्ज काका करून गेले होते. त्याचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. ते घेऊन त्यांची मुलगी रंजना माझ्याकडे आली. तिला मराठी कळतं, बोलते हिंदीत. उत्तर एका ओळीचं होतं: नोंदीनुसार जमीन आधीपासून रिक्तच होती, सबब अर्ज अमान्य.

"भैया, पापा को आखिर तक समझ में नहीं आया कि ये लिखा किसने," ती म्हणाली. "जिसने लिखा, वो बस इतना मान ले कि गलत था, तो फाइल फिर से खुल जाएगी। मैंने पूछ लिया है।"

मी तिला पाणी दिलं. म्हणालो, "पाहतो."

तिला जाऊन आज तीन आठवडे झाले. फाइल कुठल्या कपाटात आहे ते मला माहीत आहे. ती कधी हरवलीच नव्हती. त्या नोंदीखाली मला माझ्या नावानं लिहायचं आहे की इथे गवत होतं, मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी नाही म्हणून लिहिलं. तो कागद रंजनाच्या हातात द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.