डावं शिखर की उजवं?

डिंगोऱ्याला मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी पुण्याहून निघाले आणि गाडीतच परदेशातल्या प्रयोगशाळेतून अनघाचा निरोप आला : यंत्र दुरुस्त झालं, आपली पाळी आजच, आपल्याकडच्या वेळेनं चार वाजेपर्यंत. दोन वर्षं वाट पाहिलेला अर्धा दिवस नेमका माझ्या रजेवर येऊन आदळला!

अनघा आणि मी दुर्मीळ अणुकेंद्रकांचं वस्तुमान मोजतो. ती क्षणभरही धड टिकत नाहीत. म्हणून त्यांना चुंबकाच्या सापळ्यात गरगर फिरवायचं. जड असेल तर फेरी सावकाश, हलकं असेल तर भरभर. फेऱ्यांवरून वस्तुमान कळतं.

मंचरला गर्दी दिसताच ड्रायव्हर सोपानभाऊ म्हणाले, "ताई, पारगाववरनं काढतो. लई मोकळा रस्ता हाय."

मोकळा कसला! कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची ही रांग, आणि पुढे एक ट्रॉली आडवी झालेली. दोन्हीकडे उंच ऊस. फोनला रेंज नाही.

शेजारच्या हॉटेलात मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि रस्सा घेतला. चव चांगली असणार. माझा जीव फोनमध्ये.

"कशाचं येवढं टेन्शन, ताई?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एका वस्तूचं वजन करायचंय."

"मंग काट्यावर ठिवा की."

"ठेवेपर्यंत संपते हो ती!"

"आगं बया! मंग तिचा उपेग काय?"

"सोनं मुळात कसं तयार झालं, ते कळेल."

"कळल्यावर स्वस्त व्हईल का?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनाच दया आली. "वर स्लॅबवर जावा. तितं रेंज येती."

साडी खोचून शिडी चढले. फोन लागला. "आलेखात दोन शिखरं दिसतायत," अनघा म्हणाली. "एक आपलं, एक भेसळीचं. कोणतं मोजू? चित्र पाठवलंय."

चित्र अर्धवटच उमटलं. "डावं!" मी ओरडले. "डावंच मोज!" फोन कट.

डिंगोऱ्याला पोचायला पाच वाजले. "आलीस व्हय?" मामी म्हणाली. "फोटूबी काढून झालं."

तिथं अनघाचा निरोप मिळाला : "तुझं काहीच ऐकू आलं नाही. म्हणून केंद्रकं सापळ्यात जास्त वेळ ठेवून पाहिली. उजवं शिखर खचलं, म्हणजे अल्पायुषी तेच, आपलं. डावं जसंच्या तसं. उजवं मोजलं. छान आकडा मिळाला."

परतताना सोपानभाऊंनी मुकाट्यानं हमरस्ता धरला. दिवसभर मी रस्त्यावर चिडले, ट्रॉलीवर चिडले, फोनवर तर फारच. रेंज आणखी दोन क्षण टिकली असती, तर अनघानं डावंच मोजलं असतं. ती माझं नेहमी ऐकते.