पायाळू सासूबाईंची लाथ

आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा ड्रम, टाक्या, कळशा, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवायचा, ही सुनेची बिनपगारी नोकरी. एकदा असंच पाणी भरताना जिन्यात शेवटची बादली उचलली आणि कंबरेत अशी कळ आली, की मी तिथंच वाकून राहिले.

सगळं घर गोळा झालं. कारण शोधायला कुणालाच वेळ लागला नाही. सासरे म्हणाले, "वात आहे." नवरा म्हणाला, "मोबाइल लई बघतेस." सासूबाईंकडं तर इलाजही तयार होता, कारण त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसानं लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण उतरते म्हणतात. पार सिल्लोडहून माणसं त्यांची लाथ खायला यायची. परक्यांना त्या नुसता अंगठा टेकवायच्या. मला मात्र मनापासून हाणली. लग्नापासूनची सगळी कसर एका लाथेत भरून काढली.

दुसऱ्या दिवशी मी कण्हत डॉक्टरांकडं गेले. सोबत सासूबाई होत्याच, सुनेला एकटं कुठं सोडतात! डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, स्नायू दुखावलाय म्हणाले आणि मला विचारलं, "घरी जड काही उचलता का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "नाय हो, ती काय उचलणार? घरीच तर असती."